मामूंचं जर्मन इंजिन

मरहूम मामूंचं इंजिन विकायचं ठरलं, तेव्हा गिऱ्हाईक कुठं शोधायचं हाच पहिला पेच होता. रत्नागिरीच्या बाजारात जुन्या खेळण्याला कोण विचारतं? भंगारवाल्यानं इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. रूळ पितळेचे, तेवढे तोलून न्यायला तो तयार होता.

मामू जहाजावर होते. १९८३ साली हॅम्बुर्गहून येताना त्यांनी ही गाडी आणली. एक इंजिन, दोन डबे, गोल रूळ. न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीनं १९६८ पासून काढलेल्या या गाड्या बागेत, पावसातही चालवता येतात. प्रमाण १:२२.५, रुळांतलं अंतर ४५ मिलिमीटर. हिशेब केला तर आपलं मीटरगेज. कोकण रेल्वेवरून सलग गाड्या धावू लागल्या १९९८ साली. आमच्या माजघरात रेल्वे त्याच्या पंधरा वर्षं आधी आली होती!

आता मामीला पावसाआधी छप्पर दुरुस्त करायचं होतं. मामूंनी हौसेनं आणलेली वस्तू, चांगली किंमत येईल, असं घरात सगळे धरून चालले होते. पण हे 'स्टाइन्झ' नावाचं इंजिन कंपनीनं वर्षानुवर्षं बनवलं. जर्मनीत ते घरोघर सापडतं. संग्राहक पैसे मोजतो ते दुर्मीळ नमुन्याला, मूळ खोक्याला, न खेळलेल्या चाकांना. आमचं खोकं वाळवीनं खाल्लेलं, एका डब्याची कडी तुटलेली, खाऱ्या हवेनं रूळ काळे पडलेले. त्यात इथून टपालखर्च एवढा, की माल स्वस्त आणि वाहतूक महाग.

मी बारा फोटो काढले, त्यातले सात दोषांचे. भाच्याला हे पटेना. म्हणाला, "कडी तुटलीय ते कशाला दाखवतोस? पार्सल पोचल्यावर कोण परत पाठवणार आहे?" तेच तर! आम्ही कोकणी शाफई. आमच्या फिकहमध्ये न पाहिलेल्या वस्तूची विक्री मुळातच अडचणीची मानली आहे. हनफी फिकह ती मान्य करते, पण माल पाहिल्यावर सौदा मोडायचा हक्क गिऱ्हाइकाला देते. सात समुद्रापलीकडच्या माणसानं हा हक्क वापरायचा कसा? मग निदान वर्णन तरी डोळ्यांच्या जागी उभं राहायला हवं. मदिनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घालून पैगंबरांनी (स.) आतला ओलावा शोधला होता, ती हदीस मामी आम्हा मुलांना सांगायची. तिला विचारलं, तर एवढंच म्हणाली, "जे आहे ते लिही बाबा."

पहिल्या गिऱ्हाइकानं १६० युरो देऊ केले, पण एका अटीवर. कागदावर 'भेटवस्तू' लिहायचं आणि किंमत ४० दाखवायची. तिकडे खासगी भेटीला ४५ युरोपर्यंत आयात कर नाही. मी नाही म्हटलं, तसा तो गप्प झाला. तीन आठवडे कुणीच विचारलं नाही, आणि इकडे मे महिना संपत आलेला. भाचा रोज माझ्याकडे बघायचा, बोलायचा नाही.

शेवटी जुनी इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी ११० युरोंना सगळं घेतलं. टपालखर्च आणि तिकडचा कर त्यांनीच सोसला. तुटलेल्या कडीचा फोटो त्यांनी आणखी जवळून मागवला होता, कारण तसा सुटा भाग त्यांच्याकडे पडून होता. पैशांत अर्ध्या छपराची कौलं आली. उरलेल्या अर्ध्यावर यंदा ताडपत्री आहे.