तीच मोटार

शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलाचे पुढे काय झाले याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. मी मास्तर असूनही ठेवलेली नाही. मोटारींच्या जगात मात्र तसे नसते. 'ओल्ड नंबर वन' या नावाची एक बेंटली मोटार इंग्लंडात होऊन गेली. होऊन गेली म्हणावे की अजून आहे म्हणावे, याच प्रश्नावर तिच्यापायी लंडनच्या उच्च न्यायालयात खटला उभा राहिला. साल १९९०. मोटार विकायची होती आणि किंमत ठरली होती एक कोटी पौंड. सौदा झाल्यावर घेणारी कंपनी म्हणू लागली, 'ही ती मोटारच नव्हे!'

मला स्वतःला मोटार चालवता येत नाही. पण ही हकीकत वाचल्यापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला ती वाईट नाही.

फ्रान्समध्ये ल मां नावाचे गाव आहे. तिथे दर वर्षी चोवीस तासांची शर्यत होते. चोवीस तासांत ज्याची गाडी सर्वांत लांब जाईल तो जिंकला. दोघे चालक आळीपाळीने बसत. एक झोपे, एक पळवी; रात्र, पाऊस, धुके, काही म्हणून थांबायचे नाही. १९२९ साली या शर्यतीत पहिल्या चारही गाड्या बेंटली कंपनीच्या आल्या. त्यांतली पहिली ही आपली मोटार. जातीने 'स्पीड सिक्स', सहा सिलिंडरांची, साडेसहा लिटरचे धूड. वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी ती चालवली. पुढच्या साली, १९३० मध्ये, बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी तीच गाडी नेली आणि पुन्हा जिंकली. हा बार्नाटो किंबर्लीच्या हिऱ्यांच्या पैशाचा वारस. बेंटली कंपनी बुडू लागली तेव्हा याने तिच्यात पैसे ओतले आणि तिचा अध्यक्ष झाला. ल मांला तो तीनदाच उतरला नि तिन्ही वेळा पहिला आला. इतके करूनही कंपनी वाचली नाही. १९३१ साली ती रोल्स-रॉइसने विकत घेतली.

मोटार मात्र धावतच राहिली. आता यातली मेख अशी की, शर्यतीची मोटार म्हणजे काही देव्हाऱ्यातला टाक नव्हे, की पुसून पुन्हा जागेवर ठेवला. प्रत्येक शर्यतीनंतर ती उघडायची, झिजलेले काढायचे, नवे घालायचे, आणि जमल्यास पहिल्यापेक्षा जोरकस घालायचे. ज्या दिवशी तिच्यात बदल करणे थांबेल त्या दिवशी ती हरू लागेल. १९३२ साली तर तिला आठ लिटरचे नवे इंजिन बसवले आणि ब्रुकलंड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीला नेले. तिथला रस्ता सिमेंटचा, वळणावर भिंतीसारखा तिरका चढवलेला. क्लाइव्ह डन्फी चालवत होता. गाडी त्या चढाच्या वरच्या काठावरून पलीकडे गेली. डन्फी जागीच गेला.

त्यानंतर उरलेल्या गाडीवर बंद टपाची मोटार बांधण्यात आली. पुढे ती हातोहात फिरली, आणि कित्येक वर्षांनी तिचा जीर्णोद्धार होऊन ती पुन्हा शर्यतीच्या उघड्या रूपात आली. विक्रीला निघाली ती ही.

न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे सुटे भाग मोजण्याचा कार्यक्रम झाला. १९२९ ची जी गाडी जिंकली, तिच्यातले काय शिल्लक आहे? किरकोळ, कधीचे ते सांगता न येणारे काही तुकडे असले तर असतील. एरवी काहीच नाही. १९३० च्या गाडीतले? पेडलांचा दांडा, गिअरपेटीचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा. बस्स. चासी, स्प्रिंगा, पुढचा आस, मागचे ब्रेक, आठ लिटरचे इंजिन हा सारा ऐवज १९३२ चा, म्हणजे डन्फीचा जीव घेणाऱ्या गाडीचा.

इथे मला आमच्या अण्णांची सायकल आठवली. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिच्यावरून चाळीस वर्षे कचेरीत गेले. ती आज आमच्या ओसरीवर आहे. मागचे चाक दोनदा बदलले, पुढचे एकदा. सीट, चेन, मडगार्ड, कॅरियर, सारे नंतरचे. फ्रेमला दोन ठिकाणी वेल्डिंग. अण्णांना हिशेबाची खोड. प्रत्येक दुरुस्ती त्यांनी एका वहीत तारीख घालून लिहून ठेवली आहे. 'फ्रीव्हील नवे, मिस्त्री म्हणतो दोन वर्षे बघायला नको' असा शेराही मारला आहे. मिस्त्रीचे भाकीत चुकले तेव्हा त्याचीही नोंद आहे.

गेल्या उन्हाळ्यात जुन्या वस्तू घेणारा एक गृहस्थ दारी आला. हल्ली हॉटेलांच्या भिंतींवर जुन्या सायकली टांगतात म्हणे. त्याने सायकल उलटसुलट पाहिली आणि बरा भाव सांगितला. घरात मुलीच्या फीचे दिवस होते, तेव्हा भाव ऐकून मी गप्प बसलो. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, देऊन टाक. तिच्यात अण्णांचे आता काय राहिले आहे?" मी आतून वही आणली आणि त्या गृहस्थाला म्हटले, "ही पण बरोबर न्या, हिच्यात सगळे आहे." त्याने चार पाने चाळली, हसला आणि वही परत केली. "गुरुजी, वही कोणाला दाखवू नका. वहीने भाव उतरतो." सौदा तिथेच फिसकटला. फी मी पतपेढीतून काढली. भाऊ अजून त्यावरून टोमणे मारतो आणि त्याचे सर्वस्वी चूक आहे असे मलाही म्हणवत नाही.

न्यायमूर्तींनी मात्र वहीच्या बाजूने निकाल दिला. ही मोटार 'मूळ' म्हणता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले. पण ती नक्कलही नव्हे, मोडून पुन्हा उभी केलेलीही नव्हे. भाग बदलत गेले ते एकदम नाही. थोडे थोडे, वर्षानुवर्षे, आणि प्रत्येक वेळी नवा भाग त्या गाडीतच मुरत गेला. कोणत्याही एका दिवशी ती 'ओल्ड नंबर वन' राहिली नाही असे दाखवता येत नाही. तेव्हा हे नाव तिचेच, आणि घेणाऱ्याने सौदा पाळावा.

आपल्याकडे हा निकाल ऐकून कोणी दचकणार नाही. वेरूळचे घृष्णेश्वराचे देऊळ होळकरांनी अठराव्या शतकात पुन्हा बांधले, म्हणून तिथे नमस्कार करताना कोणी दगडांच्या वयाची चौकशी करीत नाही. पण देवळाचा सौदा होत नसतो. एक कोटी पौंड मोजणाऱ्याला लोखंड हवे असले तर त्याला हसावे का, हे मला ठरवता आलेले नाही. नाव हाताला लागत नाही. लोखंड लागते. आणि डन्फीचे मरणही त्या किमतीत धरलेले असते; तो अपघात वजा केला तर हिशेबातली निम्मी गाडीच नाहीशी होते.

त्या यादीतले १९३० चे तीन जिन्नस मी पुन्हा पुन्हा वाचतो. इंजिन गेले, टप गेला, चाके गेली. किडस्टन १९३१ साली विमानाच्या अपघातात गेला, बर्किन १९३३ मध्ये, बार्नाटो १९४८ मध्ये. राहिले काय, तर ज्याच्या टोकाला रात्रभर त्यांचे पाय दाबत होते तो पेडलांचा दांडा, हाताने रेटायच्या गिअरांची पेटी, आणि ज्याच्यावर ते चाक धरून बसले होते तो स्टिअरिंगचा दांडा.