दलदलीतली देवयानी

१७३२ च्या उन्हाळ्यात कार्ल लिनियस हा पंचविशीतला स्वीडिश तरुण लॅपलंडच्या दलदली तुडवत फिरत होता. भोवती बेडूक, पाणसरडे, आणि पाण्यातून वर आलेल्या शेवाळाच्या उंचवट्यांवर जेमतेम वीतभर उंचीचं एक झुडूप फुललेलं. पानं अरुंद, कडा खाली मुडपलेल्या, पाठ पांढुरकी. फुलं इवलीशी, घटाच्या आकाराची, माना खाली घातलेली. कळी लालसर, उमलली की फिकट गुलाबी.

त्याला ग्रीक पुराणातली अँड्रोमेडा आठवली. आईनं रूपाचा तोरा मिरवला आणि त्यापायी सागरराक्षसाच्या तोंडी द्यायला खडकाशी जखडलेली राजकन्या. त्यानं रोजनिशीत राजकन्या आणि झुडूप शेजारीशेजारी चितारली. हात चित्रकाराचा नव्हता, पण नाव टिकलं. त्याच्या १७५३ च्या ग्रंथात ते अँड्रोमेडा पोलिफोलिया म्हणून आलं आणि आजही तेच चालतं.

मला या बारशाचं कौतुक आहे, पण लाजरीबुजरी, संकटात सापडलेली कुमारिका हे चित्र मात्र पटत नाही. तो त्या काळच्या पुरुषाचा कल्पनाविलास. झुडपाला सोडवायला कुणा वीराची गरजच नाही. ज्या आंबट, निकस चिखलात बाकीच्या वनस्पती हाय खातात, तिथे मुळांत राहणाऱ्या बुरशीशी संधान बांधून ते मजेत जगतं. शिवाय अंगात विष आहे. मेंढरांनी तोंड लावलं तर त्यांनाच बाधतं. राक्षसाची खरी धडगत नव्हती!

लिनियसनं पुढे मिळतीजुळती बरीच झुडपं याच प्रजातीत कोंबली. ती नंतरच्यांनी एकेक करून बाहेर काढली. १८३४ मध्ये डेव्हिड डॉननं काहींचं वेगळं बिऱ्हाड थाटलं, आणि त्यातल्या एका प्रजातीला नाव दिलं कॅसिओपी, म्हणजे अँड्रोमेडाची आई. लेकीच्या घरातून आई वेगळी निघाली. अँड्रोमेडात आता बहुतेकांच्या मते एकच जाती उरली आहे.

आपल्याकडे आकाशातल्या अँड्रोमेडा तारकासमूहाला देवयानी म्हणतात आणि कॅसिओपियाला शर्मिष्ठा. तिकडच्या मायलेकी इकडे सवती झाल्या! नाव ठेवणारा आपल्या घरातल्याच गोष्टी घेऊन येतो, मग तो स्वीडनचा असो की इथला.

देवयानीचं झुडूप आपल्याकडे उगवत नाही. त्याला उत्तरेकडचा गारठा लागतो. शर्मिष्ठा मात्र हिमालयात आहे. पावसाळ्यात उत्तराखंडातल्या उंच कुरणांवर ट्रेकला गेलात, तर ब्रह्मकमळाच्या नादात पायाखाली बघायला विसरू नका. खवल्यांसारख्या पानांच्या चार रांगा आणि खाली झुकलेल्या पांढऱ्या घंटा दिसल्या, तर ती कॅसिओपी फास्टिगियाटा. तोडू नका, वाकून बघा.