किंमत कोणी मोजली?

निवडणूक आली की मी सगळ्या पक्षांचे जाहीरनामे मिळवून वाचते. ही सवय वडिलांची. ते राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत वाढले होते. पक्षानं लिहून दिलेलं आपल्यापाशी असावं, म्हणजे पुढे जाब विचारता येतो, असं ते म्हणायचे. त्यांच्या पश्चात मी वाचत राहिले, पण जाब विचारण्याच्या आधीचा प्रश्न मला जास्त छळू लागला. मी जे मानते आणि हा पक्ष जे मानतो असं सांगतो, ते एकमेकांशी ताडून कसं पाहायचं?

कागदाला कागद लावून फारसं काही हाती लागत नाही. शेतकरी, तरुण, स्त्रियांचा सन्मान, फुले-शाहू-आंबेडकर. पक्षाचं नाव झाकलं तर पान कुणाचं ते ओळखता येऊ नये, इतकं ते सारखं असतं. कायद्यानंही त्यात भर घातली आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९-अ १९८९ पासून लागू आहे. त्यानुसार नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत संविधानावर निष्ठा आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांवर श्रद्धा लिहून द्यावी लागते. म्हणजे उजवा असो, डावा असो, नोंदणीच्या कागदावर सगळे एकाच श्रद्धेचे.

पक्ष फुटतो तेव्हा तर हा पेच उघडाच पडतो. मूळ पक्ष कुणाचा, हे ठरवताना निवडणूक आयोग तीन कसोट्या पाहतो: ध्येय-उद्दिष्टांशी कोण प्रामाणिक राहिलं, पक्षाच्या घटनेप्रमाणे कोण वागलं आणि बहुमत कुणाकडे आहे. काँग्रेसच्या १९६९ च्या फुटीनंतर सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७१ साली बहुमताची कसोटी मान्य केली. आपल्या डोळ्यांदेखत शिवसेनेचा निकाल फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि राष्ट्रवादीचा फेब्रुवारी २०२४ मध्ये लागला, तोही अखेर विधिमंडळातल्या संख्येवर. आयोगाला दोष द्यावा म्हणून हे सांगत नाही. दोन्ही गट त्याच तत्त्वांची ग्वाही देत असतील, तर तिऱ्हाइतानं काय मोजायचं? डोकी तेवढी मोजता येतात.

मी मात्र आयोग नाही. मला चिन्ह वाटायचं नाही, मत द्यायचं आहे. म्हणून मी सगळी तत्त्वं एकदम तोलणं सोडलं आणि माझी एकच श्रद्धा धरली, जिच्यापासून मी मागे हटणार नाही: मुलीला मुलाइतका वाटा मिळावा, बाईच्या नावावर जमीन असावी. मग शोधू लागले की हे मानतो म्हणणाऱ्यांपैकी कुणी, कधी, काय गमावलं.

काँग्रेसच्या कराची अधिवेशनानं १९३१ साली ठराव केला होता, की धर्म, जात, लिंग असा भेद न करता सगळे नागरिक कायद्यापुढे समान. वीस वर्षांनी हिंदू कोड बिलाच्या रूपानं त्या शब्दांची परीक्षा आली. पक्षाचं सरकार होतं, पंतप्रधानांचा बिलाला पाठिंबा होता, तरी पक्षातूनच विरोध झाला आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर असताना बिल बाजूला पडलं. काँग्रेसचे सदस्य नसलेले कायदामंत्री डॉ. आंबेडकर यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. त्यांची कारणं आणखीही होती, पण हे फार मोठं होतं. पुढच्याच निवडणुकीत उत्तर मुंबईत ते पराभूत झाले. नेहरूंच्या सरकारनं नंतर त्या बिलाचे तुकडे करून ते मंजूर करून घेतले, वारसा कायदा १९५६ साली आला. हे श्रेय त्या पक्षाचं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण १९५१ मध्ये थांबणं सोयीचं होतं, तेव्हा पक्ष थांबला आणि एक माणूस थांबला नाही. तत्त्व कुणाचं होतं, हे मला त्या दिवसावरून कळतं.

दुसरं उदाहरण मला जास्त अवघड जातं. शरद जोशींचं अर्थकारण मला पटत नाही. पण शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात त्यांनी शेतकऱ्यांना घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करून द्यायला सांगितलं. जो शेतकरी त्यांचा आधार होता, त्याच्याच सातबाऱ्याला त्यांनी हात घातला. समाजवाद न मानणाऱ्या पक्षानं समाजवादाची ग्वाही का द्यायची, असं विचारत राज्यसभेत त्यांनी २९-अ कलम बदलण्याचं खासगी विधेयक आणलं. आणि ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षणाच्या विधेयकाच्या बाजूनं १८६ मतं पडली तेव्हा विरोधातलं एकमेव मत त्यांचं होतं. फिरत्या मतदारसंघांची पद्धत त्यांना मान्य नव्हती. मला ते आरक्षण हवं होतं, आजही हवं आहे. विधेयक नको असलेले इतर काही जण बाहेर गेले, काहींनी मतच दिलं नाही. जोशी आत बसले आणि सगळ्या देशासमोर एकटे पडले. माझ्याशी कागदावर सहमत असणाऱ्या कितीतरी पक्षांपेक्षा, माझ्याविरुद्ध मत देणारा हा माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो.

हीच कसोटी स्वतःला लावण्याची वेळ माझ्यावर घरातच आली. वडिलांनंतर वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर माझंही नाव लागलं आणि थोड्याच दिवसांत हक्कसोड पत्राचा विषय निघाला. माझे दोन भाऊ दोन वेगळ्या पक्षांत काम करतात. दोन्ही पक्षांच्या जाहीरनाम्यांत महिला सक्षमीकरणाचं प्रकरण आहे आणि भाऊबिजेलासुद्धा त्यांचं राजकारणावरून वाजतं. ताईनं सही करावी, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. मावशी म्हणाली, “अगं, जमीन काय करशील? माहेर तुटलं तर कुठं जाशील?” तिनं स्वतः सही केली होती, म्हणून तिच्या बोलण्यात धाक नव्हता, काळजी होती. मी सही केली नाही. माहेरचं बोलावणं बरेच दिवस आलं नाही, ते मला लागलं आणि अजूनही लागतं. पण त्या काळात मला पहिल्यांदा कळलं, की इतकी वर्षं जे मी मानते म्हणत होते, ते खरंच मानते.

भावांना मी ढोंगी म्हणणार नाही. आपल्या पक्षाचं तत्त्व आपल्या बांधापर्यंत येतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पक्षानं त्यांच्याकडून सभेला माणसं मागितली, वर्गणी मागितली, निष्ठा मागितली. घरातल्या वाटणीचा हिशेब मागितला नाही. ज्या तत्त्वाचा हिशेब पक्ष आपल्या कार्यकर्त्याकडे मागत नाही, ते तत्त्व त्यानं केवळ मतदारासाठी छापलेलं असतं.

माझ्या सगळ्या श्रद्धांशी जुळणारा पक्ष मिळेल, अशी माझी अपेक्षा नाही. पक्ष म्हणजे अनेकांनी मिळून चालणं, आणि दहा बाबतींत मी मुरड घालायला तयार आहे. कशाला मुरड घातली, ते मात्र मत देताना मला ठाऊक असलं पाहिजे, आणि पक्षातल्या माणसांसमोर मोकळेपणानं बोलता आलं पाहिजे. अकराव्या बाबतीत मुरड नाही.

म्हणून आता जाहीरनाम्याच्या जोडीला मी उमेदवाराचं प्रतिज्ञापत्रही वाचते. त्यात जोडीदाराच्या मालमत्तेचा रकाना वेगळा असतो, बहिणीचा नसतो. तो मी प्रचाराला दारात आलेल्या माणसाला तोंडानं विचारून भरते. प्रश्न आवडला नाही म्हणून काहींनी पुढची गल्ली धरली आहे, तरी मी विचारणं सोडणार नाही. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मी माझी सही राखून मिळवला आहे.