आमेननंतरची कामं

आमची पिढी म्हणजे बहात्तरचा दुष्काळ शाळकरी वयात पाहिलेली. तेव्हाच्या नगर जिल्ह्यात आमच्या ख्रिस्ती घरांत स्वयंपाकघराच्या फळीवर एक जास्तीचा डबा असे. दळणाला ज्वारी काढताना आई किंवा आजी त्यातली एक मूठ त्या डब्यात टाकायची आणि टाकताना कुणाचं तरी नाव घ्यायची. मोठ्यानं नाही, ओठ हलायचे तेवढंच. एके दिवशी वेशीजवळच्या विधवेचं, दुसऱ्या दिवशी मुंबईच्या गिरणीत गेलेल्या आणि पत्र न पाठवणाऱ्या दिराचं. डबा भरला की धान्य चर्चमध्ये जायचं आणि तिथून ज्या घरी चूल पेटत नसेल तिथे. आम्ही याला नुसतं 'मूठ' म्हणायचो. मिझोरामच्या ख्रिस्ती बायका 1910 पासून तांदळाची अशीच मूठ काढत आल्या आहेत आणि तिच्यावर तिथल्या मंडळीचं केवढं तरी कार्य उभं राहिलं, हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं तेव्हा आजीची फार आठवण झाली. दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली, घरोघर लाल मिलोच्या भाकरी झाल्या, तरी डब्यात मूठ पडत राहिली. मूठ लहान झाली, पण चुकली नाही.

आता दानाच्या थैलीबरोबर क्यूआर कोडचा फलक असतो. पैसे जागच्या जागी जमा होतात, पावती फोनवर येते, वर्षअखेरीला तपासलेला हिशेब मंडळीपुढे ठेवला जातो. हे चांगलंच आहे. मुठीच्या धान्याचा हिशेब कुणी ठेवत नसे. पावसाळ्यात त्याला कीड लागे. कुणाला किती द्यायचं हे दोन-तीन पंच ठरवत, आणि त्यांच्या मर्जीतून उतरलेलं घर विसरलं जाण्याची भीती खरी होती. ज्याला धान्य मिळे त्याची मान खाली जाई, कारण साऱ्या वस्तीला ते ठाऊक असे. आज मदत थेट खात्यात पडते आणि घेणाऱ्याची अब्रू राहते. पण पैसे पाठवताना आपण खात्याचा क्रमांक तपासतो. तेव्हा नाव घेतल्याशिवाय मूठ उघडत नव्हती.

कुणी आजारी आहे असं कळलं की त्या संध्याकाळी घरभेट ठरलेली. पुढे पाळकसाहेब, त्यांच्यामागे पवित्र शास्त्र आणि 'उपासना संगीत' छातीशी धरलेली बायबलबाई, मागून भगिनी मंडळाच्या चार बायका, आणि कंदील धरायला आमच्यापैकी एखादं पोर. दारात वहाणा काढायच्या, 'सलाम' म्हणायचं, घोंगडीवर बसायचं. आजाराची चौकशी नंतर, आधी गाणं. बहुधा रेव्हरंड टिळकांचं एखादं भजन, पेटी नसली तर नुसतं टाळीवर. मग एक स्तोत्र वाचलं जायचं, मग सगळे गुडघे टेकायचे. नुकत्याच सारवलेल्या जमिनीचा ओलावा गुडघ्यांना लागायचा, प्रार्थना लांबत जायची, आणि आम्ही पोरं बोटांच्या फटीतून आजारी माणसाकडे बघत राहायचो.

'आमेन' झालं की खरी गडबड सुरू व्हायची. बायका उठून थेट चुलीकडे जायच्या. एकीच्या पदराखाली पुरचुंडी असायची. ती घरच्या पिठाच्या डब्यात अशी रिकामी करायची की बाहेर बसलेल्या पुरुषांना चाहूल लागू नये. दुसरी माठात हात घालून बघायची आणि पाणी तळाला गेलं असेल तर न विचारता हंडा उचलायची. तिसरी पोरांच्या डोक्यात उवा झाल्यात का ते पाहायची. ओसरीवर प्रश्न सुरू झालेले असायचे. शेरडं उद्या कोण सोडणार? दवाखान्यात कोण नेणार, एसटीचं भाडं कुणाकडे आहे? ज्वारीची काढणी आली आहे, दोन दिवस कोण देतं? प्रत्येक प्रश्नाला तिथे बसलेल्यांपैकीच कुणाचं तरी नाव पडायचं आणि मगच पाळकसाहेब उठायचे. ज्यानं मोठ्यानं प्रार्थना केली त्याच्या वाट्याला काम हमखास यायचं. हा नियम कुणी लिहिलेला नव्हता, पण तो आम्हा पोरांनाही कळला होता: देवाजवळ जे मागितलं, त्यातलं आपल्या हातून होण्यासारखं तिथेच वाटून घ्यायचं, ते देवावर टाकून घरी जायचं नाही.

आता प्रार्थनेची विनंती सकाळी फोनवर येते. चार ओळींचा निरोप, त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. पुण्याहून, नाशिकहून, दुबईहून, न्यू जर्सीहून हात जोडले जातात. एका गावापुरती असलेली मंडळी समुद्रापार पसरली आणि तिची प्रार्थनाही पसरली, याचा मला मनापासून आनंद आहे. मागे आमच्यातल्या एका मुलीला बाळंतपणात रक्त लागलं. गटावर निरोप पडला आणि अर्ध्या तासात दोन तरुण रक्तपेढीत पोचले. बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप आहेत. आमच्या लहानपणी अशीच एक बाळंतीण बैलगाडीत, तालुक्याच्या वाटेवर गेली. तिच्यासाठी सारी वस्ती रात्रभर गुडघ्यांवर होती. त्या रात्रीकडे परत जायला आमच्यापैकी कोण तयार होईल?

म्हणून जुन्याची आठवण काढताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्या घरभेटींमधून 'देवाची इच्छा' हे शब्द फार लवकर उच्चारले जायचे. हगवणीनं सुकत चाललेल्या लेकराच्या उशाशी ते उच्चारले जायचे, जेव्हा मीठ-साखरेचं पाणी पाजलं असतं तर ते लेकरू जगलं असतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला शिकून आमच्याच जिल्ह्यात, वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात कामाला आलं होतं. बरे करून पाठवलेले रोगी तोच आजार घेऊन परत येतात, कारण आजार गावाच्या पाण्यात आणि ताटात आहे, हे त्यांनी तिथे पाहिलं. 1970 मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केलं. त्या भागात तेव्हा हजार जिवंत जन्मांमागे 176 बाळं पहिलं वर्ष पुरं करत नव्हती. त्यांनी भरवसा टाकला तो गावातल्याच बायकांवर, ज्यांतल्या कितीतरी जणींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं आणि ज्यांना गावानं कधी मोजलं नव्हतं. त्या बायका सुरक्षित बाळंतपण शिकल्या, हगवणीवरचं पाणी करायला शिकल्या, कुष्ठाचा चट्टा ओळखायला शिकल्या आणि दारोदार जाऊन दुसऱ्यांना शिकवू लागल्या. बालमृत्यू पुढे झपाट्यानं उतरले. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला मात्र त्यांच्याबद्दल सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट की प्रार्थनाशील घरांतून वाढलेल्या या दोघांनी 'देवाची इच्छा' या शब्दांआड लपायचं नाकारलं.

आणखीही कबूल करायला हवं. धर्म बदलला तरी जात आमच्या बाकांवर बसलेली होती. सोयरिकीच्या वेळी ती उभी राहायची. प्रार्थनेची विनंती म्हणून सांगितलेलं दुःख दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर पोचायचं. आणि बायकांनी सारं करावं, पण व्यासपीठावर पुरुषानं उभं राहावं, ही रीत कुणाला खटकत नव्हती. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना हातमाग, तेलाचा घाणा, शेती, छपाई शिकवली. त्यांनी स्वतः मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापलं. 1905 च्या सुमाराला त्याच अंगणात प्रार्थनेचं असं भरतं आलं की त्याची वार्ता देशोदेशी गेली. एवढं डोळ्यांसमोर असूनही आमच्या बायबलबाईला आम्ही व्यासपीठावर पाहिलं नाही. ती उन्हातान्हात वस्त्या पालथ्या घालायची, बायकांना अक्षरं गिरवायला लावायची, आणि रविवारी मागच्या रांगेत बसायची. आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रिया पाळक होतात. एका तरुण पाळकबाईंनी प्रभुभोजनाची भाकर मोडली तेव्हा ती बायबलबाई तिथे असायला हवी होती, असं फार वाटलं.

एवढं सगळं कबूल करूनही एका गोष्टीचं दुःख हलत नाही. ती म्हणजे रात्र जागवणं. माणूस हातचा चालला असं दिसलं की मंडळीतले दोघं-दोघं पाळी लावून त्याच्या उशाशी बसत. करण्यासारखं काही उरलेलं नसे. ओठांना ओल्या फडक्यानं पाणी लावायचं, कूस बदलायची, मध्येच एखादं कडवं गुणगुणायचं, घरच्यांना जबरदस्तीनं झोपायला लावायचं. जो जात होता त्याला कळत असे की आपण एकटे जात नाही, आणि जो बसत होता त्याला कळत असे की आपल्याही वेळी कुणीतरी बसेल. आमच्यातल्या पुष्कळांची मरणाची भीती अशा रात्रींनी कमी केली. उपदेशांनी ती तेवढी कमी झाली नाही.

आता तो माणूस अतिदक्षता विभागात असतो. काचेपलीकडे यंत्रं जागी असतात, परिचारिका जाग्या असतात, आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेत एकाला आत सोडतात. जिथे आम्ही नुसते बसलो असतो तिथे ते जीव वाचवतात. कितीतरी जण त्या काचेपलीकडून चालत घरी आले आहेत, आणि त्यांच्यात माझी सख्खी माणसं आहेत. त्या परिचारिकांतल्या अनेकजणी आमच्याच मंडळीतून मिशनच्या दवाखान्यांत शिकून गेलेल्या आहेत. मिरजेला डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये दवाखाना उभारला, तेव्हापासून चालत आलेली ही वाट आहे. रात्रपाळीत अनोळखी म्हाताऱ्याची कूस बदलणारी ती मुलगी आमच्या आजीचंच काम करते, आणि आजीपेक्षा चांगलं करते. फक्त ते काम तिचं झालं, आमचं राहिलं नाही. सेवा शिकलेल्या हातांकडे गेली, प्रार्थना फोनमध्ये गेली. दोन्ही आपापल्या जागी नीट चालली आहेत, पण एका घोंगडीवर भेटत नाहीत.

कोरोनात हे सर्वांत जास्त बोचलं. 2020 चा ईस्टर आम्ही पडद्यावर पाहिला. मोजक्या माणसांत मूठमाती दिली गेली, आणि सांत्वनाला जाऊन नुसतं शेजारी बसणंही बंद झालं. त्याच दिवसांत आमच्या तरुण मुलांनी, ज्यांना आम्ही 'यांना प्रार्थनेची गोडी नाही' म्हणत आलो, विलगीकरणातल्या घरांच्या दाराशी डबे ठेवले, औषधं पोचवली, प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रात्री-अपरात्री गाड्या काढल्या. दार वाजवायचं आणि मागे सरकायचं. तिथे ना गाणं होतं, ना गुडघे. पण आतल्या माणसाला कुणीतरी आल्याचं कळत होतं.

लहानपणी आम्हाला वाटायचं की प्रार्थना ऐकली गेली म्हणजे आशा मिळते. मागे वळून पाहिलं तर आमच्या वस्तीच्या कितीतरी प्रार्थना, निदान जशा मागितल्या तशा, ऐकल्या गेल्या नाहीत. पाऊस पडला नाही. बैलगाडीतली ती बाळंतीण परत आली नाही. तिच्या सासूनं मात्र पुढच्याच महिन्यात आपल्या डब्यातली मूठ चर्चमध्ये आणून ओतली, आणि दुसऱ्या एका घरी घरभेट निघाली तेव्हा तीही चालू लागली. त्या घरची सून दिवसांत होती. ही सासू तिच्याजवळ बसली, तिच्या डोक्यावर हात ठेवून तिनं प्रार्थना केली, आणि दिवस भरत आल्यावर तिला वेळेवर तालुक्याला नेण्याची जबाबदारी आपल्या अंगावर घेतली. ती तिनं पार पाडली. मला ख्रिस्ती आशा म्हणून आजही आधी हीच बाई दिसते. ती कशानं उठून उभी राहिली हे मी सांगू शकत नाही. तिला विचारलं असतं तर तिनं प्रभूचं नाव घेतलं असतं.

आमच्या मंडळीतले एक निवृत्त मास्तर सध्या आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नगरला जातात. मुलगा परदेशात, बाई थकलेल्या. गटावर त्यांच्यासाठी रोज हात जोडले जातात. मागच्या महिन्यात पाळकबाईंनी तिथेच एक तक्ता टाकला: मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेसातला निघायचं, यंत्रावर चार तास, दुपारी घरी आणायचं. शेजारी नावासाठी रिकामी जागा. दोन कॉलेजच्या मुलांनी आणि एका बँकेतल्या बाईंनी मंगळवार वाटून घेतले. आमच्या वयाच्या लोकांनी आधी तब्येतीची, मग गाडी चालवता येत नसल्याची अडचण सांगितली. त्यावर पाळकबाईंनी लिहिलं की गाडी ठरवली आहे, चार तास शेजारी बसायला माणूस हवा. या महिन्याचे दोन शुक्रवार आम्ही घेतले आहेत. उरलेले अजून रिकामे आहेत.