मधे पडायला वेळ

पोलीस ठाण्यातून आमच्याकडे हत्यारं येतात ती कापडात शिवून, लाखेचं सील लावून. सोबत ठाणेदारांचं पत्र असतं: मयताच्या अंगावरील जखमा या हत्याराने होणे शक्य आहे काय? सील तपासायचं, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी पाहायची, मग हत्यार बाहेर काढून लांबी, रुंदी, वजन, धार, टोक यांची नोंद करायची, आकृती काढायची आणि शवविच्छेदनाच्या अहवालाशी ताडून मत द्यायचं. वर्धा जिल्ह्यात न्यायवैद्यकाचं काम करताना या गाठोड्यांतून माझ्यासमोर कुऱ्हाड आली आहे, विळा आला आहे, बंडीची उभारी, सब्बल, स्वयंपाकघरातली पावशी, वरवंटा, अलीकडे बटण दाबून उघडणारा चाकू. बंदूक मात्र क्वचित.

त्या ‘क्वचित’बद्दल मला लिहायचं आहे. अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला की आपल्याकडे चहाच्या टेबलावर वाद रंगतो. बंदुकीचा कायदा कडक केला की गुन्हे कमी होतात का? एक जण जपानचं नाव घेतो, दुसरा लगेच स्वित्झर्लंड काढतो, तिसऱ्याला मेक्सिको आठवतो. तिघांचीही माहिती खरी असते आणि तरी वाद पुढे सरकत नाही. कारण ‘गुन्हे’ या एका शब्दात भांडण, मारहाण, लूट, खुनाचा प्रयत्न आणि खून असं सगळं कोंबलेलं असतं. कायद्याचा परिणाम या प्रत्येकावर सारखा होत नाही.

शवविच्छेदन करताना मी मयताच्या हातांवर बराच वेळ घालवते. कुऱ्हाड उगारली की माणूस नकळत हात डोक्यावर धरतो. मग कोपरापासून मनगटापर्यंत, करंगळीच्या बाजूने तिरके घाव दिसतात. चाकूचं पातं पकडायला गेलेल्याच्या तळहातावर आडवी चीर असते, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात खोल कापलेलं असतं. या बचावाच्या जखमा. त्या माणसाला हल्ला कळला होता आणि त्याने प्रतिकार केला होता, एवढं त्या कोर्टाला सांगतात. मला त्या आणखी एक गोष्ट सांगतात: इथे वेळ होता. दोन सेकंद, दहा सेकंद, कधी दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात कुणी पळून जाऊ शकतं, कुणी ओरडू शकतं, कुणी मधे पडू शकतं.

आणि लोक मधे पडतातच. शेताच्या धुऱ्याच्या वादात, दारूच्या भांडणात, भावाभावांच्या वाटणीत. जखमांच्या दाखल्यासाठी पोलिसांसोबत येणाऱ्यांत अशी माणसं नेहमी असतात. एका आईच्या दोन्ही हातांना टाके होते. मोठा मुलगा धाकट्यावर विळा घेऊन धावला तेव्हा ती मधे गेली होती. मी जखमांची मापं घेत होते आणि ती तेवढंच म्हणत होती, “मले लागलं तं लागलं, पोरगा वाचला ना माह्या.” त्या घरात विळ्याऐवजी भरलेली बंदूक असती, तर तिला अंगणातून घरात पोचायलाही वेळ मिळाला नसता. गोळी लागून मेलेल्याच्या हातावर बचावाच्या जखमा सहसा नसतात.

हे अभ्यासानेही दिसलेलं आहे. फ्रँकलिन झिमरिंग या अमेरिकी कायदेतज्ज्ञाने १९६८ साली शिकागो पोलिसांच्या नोंदी तपासल्या. बंदुकीचे आणि चाकूचे हल्ले साधारण सारख्याच कारणांनी, सारख्याच माणसांत आणि पुष्कळदा खून करायचाच असा पक्का बेत नसताना झालेले होते. मात्र बंदुकीच्या हल्ल्यात मरणाऱ्यांचं प्रमाण चाकूच्या सुमारे पाचपट होतं. पुढे १९९७ मध्ये गॉर्डन हॉकिन्सबरोबर लिहिलेल्या पुस्तकात त्याने दाखवलं की अमेरिकेत चोऱ्या आणि घरफोड्या इतर श्रीमंत देशांपेक्षा काही फार वेगळ्या नाहीत. वेगळे आहेत ते मृत्यू. लंडनमध्ये लुटला गेलेला माणूस रडत पोलीस ठाण्यात जातो, न्यूयॉर्कमधला शवागारात पोचण्याची शक्यता मात्र कितीतरी जास्त होती.

आमच्या कामात हा फरक कलमांमध्ये उतरतो. पूर्वीचं ३०२ आणि ३०७, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १०३ आणि १०९. खून आणि खुनाचा प्रयत्न. आरोपीचा राग तोच, हेतू तोच. पातं मांडीच्या धमनीपासून बोटभर बाजूला गेलं, आष्टीकडून किंवा कारंजा घाडग्याकडून निघालेली रुग्णवाहिका वेळेत सेवाग्रामच्या रुग्णालयात पोचली, की कलम बदलतं. पोटात चाकू लागलेली कितीतरी माणसं शल्यचिकित्सक वाचवतात. म्हणून देशादेशांची तुलना करताना मी मारहाणीचे आकडे बाजूला ठेवते. स्वीडनमध्ये साधी थप्पडही नोंदली जाऊ शकते, आपल्याकडे डोकं फुटलं तरी गावातच मिटवतात. खुनाचा आकडा त्यातल्या त्यात विश्वासाचा.

त्या आकड्यांतही एकच सरळ रेघ सापडत नाही. ऑस्ट्रेलियात २८ एप्रिल १९९६ रोजी पोर्ट आर्थरला एका माणसाने ३५ जणांना मारलं. सरकारने कायदा बदलला आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या ठळकपणे घटल्या. खून आधीपासूनच कमी होत होते, त्यामुळे कायद्याचा वाटा किती यावर संशोधक अजून भांडतात. मारहाणीच्या नोंदी तर पुढची काही वर्षं वाढतच राहिल्या. ब्रिटनने डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली गेल्यावर १९९७ मध्ये पिस्तुलं बंद केली. त्यानंतर काही वर्षं बंदुकीच्या गुन्ह्यांच्या नोंदी वाढल्या, मग उतरल्या. रशियात सामान्य माणसाला पिस्तूल बाळगता येत नव्हतं, तरी सोव्हिएत संघ कोसळल्यावर खुनाचं प्रमाण लाखामागे तीसच्या आसपास गेलं; व्होडका आणि स्वयंपाकघरातली सुरी तिथे पुरेशी होती. मेक्सिकोत बंदुकीची कायदेशीर विक्री लष्कराच्या ताब्यात आहे, तरी २०१८ नंतरची काही वर्षं तिथला खुनाचा दर लाखामागे पंचवीसच्या वर होता, कारण उत्तरेची सीमा ओलांडली की बंदुकांचा बाजार आहे.

आपल्या देशाचंही प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९९२ साली भारतात ४० हजारांच्या वर खून नोंदले गेले, म्हणजे लाखामागे साडेचारच्या थोडे वर. २०२२ मध्ये ते २८,५२२ होते, लाखामागे दोनच्या आसपास. या तीस वर्षांत १९५९ च्या शस्त्र कायद्याचा गाभा तोच राहिला, त्यामुळे घसरणीचं श्रेय मी त्याला देऊ शकत नाही. त्याचं काम दुसरं आहे. राग आलेल्या माणसाच्या हाताशी काय असेल, हे तो ठरवतो.

वर्ध्यात बसून या कायद्याबद्दल लिहिताना गांधीजींना वगळता येत नाही. व्हाइसरॉय लिटनने १८७८ मध्ये आणलेल्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केलं आणि युरोपियनांना सूट दिली. तो अपमान देशाला फार वर्षं सलत होता. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतली एक स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत अशी होती, जनतेच्या नियंत्रणाखाली. अहिंसेच्या माणसाने ही मागणी केली, याचं अनेकांना नवल वाटतं. मला त्यातला ‘जनतेच्या नियंत्रणाखाली’ हा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण परवाना कोण देतो आणि कुणाला देतो हाच आजही वादाचा मुद्दा आहे.

१९३६ मध्ये ते सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले. १९४८ मध्ये त्यांना ज्या पिस्तुलाने मारलं, ते ग्वाल्हेरहून मिळवलेलं होतं. तेव्हा कायदा कडकच होता. ज्याने बेत आखला आहे, पैसे उभे केले आहेत, माणसं जमवली आहेत, त्याच्यापुढे शस्त्र कायदा दुबळा पडतो. जपानसारख्या कडक कायद्याच्या देशात ८ जुलै २०२२ रोजी शिंझो आबे घरी बनवलेल्या बंदुकीने मारले गेले. आणि बेत आखणाऱ्याला बंदूकच लागते असंही नाही. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटात कॉलेजला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल टाकून तिला पेटवलं गेलं. आठवडाभराने ती गेली. साऱ्या जिल्ह्याने तो आठवडा तिच्यासाठी जीव मुठीत धरून काढला. त्या हत्यारासाठी कुठला परवाना लागणार होता? पाठलाग करणाऱ्याला वेळीच रोखणारी पोलीस यंत्रणा आणि मुलीच्या तक्रारीवर विश्वास ठेवणारा शेजार, यांची जागा शस्त्र कायदा घेऊ शकत नाही.

आता कायद्याच्या आतली रचना पाहा. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारंही त्याच्या कक्षेत येतात, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापराची अवजारं वगळून. म्हणजे तलवार गुन्हा, कुऱ्हाड नाही. शेतीच्या जिल्ह्यात दुसरं काही शक्यही नाही. बंदुकीसाठी मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलिसांची चौकशी, निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे तीनऐवजी दोनच.

लोक मला विचारतात, वर्ध्यात दारूबंदी सत्तरच्या दशकापासून आहे, ती कुठे पाळली जाते? मग बंदुकीची बंदीच कशी टिकेल? प्रश्न रास्त आहे. पण मोहाची दारू नाल्याच्या काठी, मडक्यात आणि डब्यात निघते आणि गिऱ्हाईक रोजचं असतं. गावठी कट्टा बनवायला लेथ, नळी आणि हात बसलेला कारागीर लागतो, आणि काडतूस तर कारखान्याशिवाय नीट बनत नाही. कट्टा विकत घेणाऱ्याची खरी अडचण गोळ्यांची असते. जिथे वस्तू बनवणं कठीण आणि मागणी थोडी, तिथे बंदी टिकते. आमच्याच जिल्ह्यात पुलगावला देशातलं फार मोठं दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या आगीत तिथे जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले, नोव्हेंबर २०१८ मध्ये जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन मजूर गेले. ते दुःख मोठं आहे. पण एवढा साठा शेजारी असून आजूबाजूच्या गावांत भांडणं काठीनेच होतात. स्फोटकं किती जवळ आहेत यापेक्षा ती कुणाच्या हाताला लागतात, हे निर्णायक ठरतं.

बंदुकीची खरी मागणी आमच्याकडे येते ती शेतकऱ्याकडून. बोरच्या जंगलालगतच्या गावांत रात्री जागलीला बसलेल्या माणसाला विचारा. रोह्यांचा म्हणजे नीलगायींचा कळप आणि रानडुकरं एका रात्रीत हरभरा साफ करतात. कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, आणि हतबल शेतकऱ्याने ती मागावी यात गैर काही नाही. बंदूक नाही म्हणून काही जण कुंपणाच्या तारेत करंट सोडतात आणि सकाळी डुकराऐवजी शेजारचा माणूस तारेला चिकटलेला सापडतो. करंटने जळालेल्या बोटांच्या खुणाही मी पाहिल्या आहेत. तरीही घरोघरी बंदूक द्यावी असं मी म्हणणार नाही, आणि त्याचं कारण रानडुक्कर नाही. ज्या घरात कर्ज आहे, सततची नापिकी आहे, त्या घरात भरलेली बंदूक असू नये.

अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. स्वित्झर्लंडने सैन्य निम्म्यावर आणलं, घरोघरच्या सैनिकी बंदुका कमी झाल्या आणि सैनिकी वयाच्या पुरुषांतल्या आत्महत्या घटल्या. बंदूक हाताशी न राहिलेल्या बहुतेकांनी दुसरा मार्ग शोधला नाही. मरणाची ती ऊर्मी अनेकदा काही मिनिटांची असते. ती टळली तर पुष्कळ माणसं पुढे जगतात.

आमच्या शवागारात बंदुकीची ही जागा कीटकनाशकाने घेतली आहे. व्हिसेराच्या, म्हणजे विषतपासणीसाठी काढून ठेवलेल्या अवयवांच्या, बाटल्यांवर लेबलं चिकटवताना जो उग्र वास येतो, तो इथल्या प्रत्येक न्यायवैद्यकाच्या ओळखीचा आहे. श्रीलंकेने १९९५ आणि १९९८ मध्ये सर्वांत जहाल कीटकनाशकं बंद केली आणि दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. पिकाचं उत्पन्न त्यामुळे कोसळलं नाही. त्याच देशात नंतर गावोगावी घरात कीटकनाशक ठेवायला कुलूपबंद पेट्या वाटून पाहिल्या. मोठा, काटेकोर प्रयोग होता. त्याचा उपयोग झाला नाही, कारण किल्ली घरातच असते.

आपल्याकडे एंडोसल्फान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं. मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात मोनोक्रोटोफॉसही होतं; शेवटची यादी त्याहून फार आखूड निघाली. बंदुकीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची सही लागते, आणि ती लागावीच. पण ज्या द्रव्याने या जिल्ह्यात बंदुकीपेक्षा कितीतरी जास्त माणसं मरतात, ते पेरणीच्या दिवसांत कृषी केंद्रात उधारीवर मिळत आलं आहे. त्या २७ नावांची यादी मसुद्यात होती तशीच्या तशी परत आणावी, आणि विदर्भातल्या शवविच्छेदनाच्या अहवालांतली व्हिसेरा तपासणीची पानं तिच्यावर निर्णय घेणाऱ्यांपुढे ठेवावीत. ती पानं द्यायला आमच्यापैकी कुणीही तयार होईल.