उंबऱ्याच्या आतली यंत्रं

बायांनो, आणि बायकांचं पान म्हणून हे पान उलटू पाहणाऱ्या दादांनो, जरा थांबा. आज एक हिशेब करायचा आहे. वही-पेन्सिल नको, हाताची बोटं पुरतील. आपापल्या घरातली यंत्रं मोजायची.

विहिरीवरची मोटार, तिचा स्टार्टर, फवारणीचा पंप, कडबा कुट्टी, मोटारसायकल ही झाली उंबऱ्याबाहेरची. मिक्सर, कुकर, गॅसची शेगडी, इस्त्री, कोणाकडे फ्रिज तर कोणाकडे घरघंटी ही उंबऱ्याच्या आतली. त्यात फ्रिज तसा नावालाच आतला. आमच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याला एक कोपरा मिळतो. बाकीची जागा ह्यांच्या बियाण्याच्या पाकिटांनी आणि गाईच्या औषधाच्या बाटल्यांनी धरलेली असते.

मोजून झालं? आता दुसरा हिशेब. बाहेरचं यंत्र बिघडलं तर किती दिवसांत दुरुस्त होतं, आणि आतलं किती दिवसांत?

आमच्याकडचं सांगते. मोटार जळाली की घरात सुतक पडल्यासारखं होतं. चहा जागच्या जागी गार होतो. रात्रीचे अकरा वाजलेले असोत, मेकॅनिकला फोन जातो. तो उचलत नसला तर त्याच्या मेव्हण्याला जातो. सकाळी चार माणसं मिळून मोटार वर ओढतात, ती तालुक्याला जाते, आणि रिवाइंडिंग होऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात. हे योग्यच आहे. पीक वाळलं तर खायचं काय? त्याबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही.

पण मिक्सर बंद पडला तर? पहिल्या दिवशी उत्तर मिळतं, "बघू." आठवड्यानं, "बाजारच्या दिवशी नेतो." बाजारच्या दिवशी, "गाडीवर खताचं पोतं होतं, मिक्सर काय डोक्यावर घेऊ?" आणि पंधरा दिवसांनी जेवताना, "काही म्हण, पाट्यावरच्या चटणीची चव मिक्सरला नाही." ही चव मिक्सर चालू असताना कधी आठवत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. शेवटी ह्यांच्या बहिणीकडची मंडळी येणार असली की मिक्सर एका दिवसात दुरुस्त होतो. म्हणून आमच्या नणंदबाई आल्या की मला दुप्पट आनंद होतो.

आता तो मोबाईलवरचा स्टार्टर. विहिरीवरच्या पेटीत एक सिमकार्ड बसवलेलं असतं. घरून त्या नंबरला फोन लावला की मोटार सुरू, पुन्हा लावला की बंद. रात्रीच्या पाळीची वीज आली की पूर्वी बॅटरी आणि काठी घेऊन, साप-विंचू चुकवत बांधाबांधानं जावं लागे. ते सगळं नाही तरी निम्मं थांबलं. दारी धरायला जावं लागतंच, पण नुसतं बटण दाबायला तरी कोणी जात नाही. ह्यांना अंधारात जावं लागलं नाही की मलाही झोप लागते. एवढंच वाटतं की मोटारीला अंथरुणातून फोन करता येतो, पण पहाटे उठून शेगडीवर दूध ठेवायला अजून कोणी नंबर काढलेला नाही.

हा नुसता माझ्या घरचा गाऱ्हाण्याचा सूर समजू नका. केंद्र सरकारनं २०१९ साली देशभर वेळेची पाहणी केली, कोण दिवसभरात कशाला किती वेळ देतो त्याची. सहा वर्षांवरच्या बायांपैकी शंभरातल्या ८१ जणी घरकाम करताना आढळल्या, आणि पुरुषांपैकी शंभरातले २६. घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी वेळ २९९ मिनिटं, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. पुरुषाचा ९७. ते एक मिनिट कुणी वाचवलं ते कळलं नाही. कुकर असावा.

आपल्या देशी मिक्सरचा जन्मही अशाच एका बिघाडातून झाला. मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर बंद पडला आणि इथं त्याची दुरुस्ती होईना. घरून तगादा सुरू झाला. माथुरांनी आपल्याकडचं वाटण सोसेल अशी दणकट मोटार घालून नवा मिक्सरच बनवला. १९६३ साली आलेला 'सुमीत' तो हाच. आमच्या घरी एवढी अपेक्षा नाही. नवा शोध लावू नका, जुना तेवढा तालुक्याला न्या, इतकंच मागणं आहे.

पण खरी गंमत सासूबाईंनी सांगितली. एकदा मिक्सर असाच बंद होता, मी चिडचिड करत पाट्यावर बसले होते. त्या म्हणाल्या, "अगं, पाटा तरी कुठं बिनदुरुस्तीचा असतो? तोही गुळगुळीत होतो. पण त्याला टाकी लावणाऱ्या बाया दारात यायच्या. 'पाट्याला टाकीऽ' अशी हाक आली की मी पाटा अंगणात काढायची. पायलीतलं धान्य मोजून द्यायची. कुणाला विचारायचं काम नव्हतं."

मी वरवंटा हातात धरून तशीच बसले. दगडाचं हत्यार होतं तेव्हा ते बाईच्या हातात होतं आणि त्याची दुरुस्तीही बाईच्या हातात होती. यंत्र आलं, कष्ट कमी झाले, पण दुरुस्ती उंबऱ्याबाहेर गेली. ती तालुक्याला गेली, मोटारसायकलच्या मागच्या सीटवर गेली, ह्यांच्या पाकिटात गेली. म्हणून मिक्सर खोळंबतो. त्यात ह्यांचा दुष्टावा नाही. तो बंद असल्याचं ह्यांच्या मनगटाला कळत नाही, एवढंच.

तेव्हा बायांनो, निम्मी दुरुस्ती आपण परत उंबऱ्याच्या आत आणू या. मिक्सर एकदम थांबला तर प्लग काढा, भांडं उतरवा आणि मिक्सर उलटा करून बघा. पुष्कळ मिक्सरच्या बुडाला एक लहान, बहुधा लाल बटण असतं. मोटारीवर फार ताण आला की ते आपोआप सुटतं. थोडा वेळ मोटार गार होऊ द्यायची आणि ते आत दाबायचं. आमच्या शेजारचा मिक्सर महिनाभर 'जळालेला' होता. तालुक्याच्या मिस्त्रीनं बटण दाबलं, चहा घेतला आणि पैसेही घेतले. मोटार फिरते पण पातं फिरत नाही, तर बहुधा भांड्याखालचा कपलर झिजलेला असतो. मोटारीच्या रिवाइंडिंगपुढं त्याची किंमत म्हणजे चिल्लर. आतली वायर आणि मोटार मात्र जाणकाराकडंच द्यावी.

कुकरचं तर चालढकल करण्यासारखं मुळीच नसतं. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं, कुकरमध्ये वाफ कोंडल्यानं ते १२० अंशांपर्यंत तापतं. म्हणून डाळ लवकर शिजते, आणि म्हणूनच तो बिघडला तर धोका. शिट्टीखालच्या नळीतून उजेड दिसतो का, ते रोज बघा. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्या जागी काहीबाही कोंबून कुकर कधी चढवू नका, त्याच कंपनीचा व्हॉल्व्ह बसवा. गास्केट कडक झालं की बदला. गॅसची नारिंगी नळी वरून धड दिसली तरी पाच वर्षांनी बदलायची असते.

एक जुना डबा घ्या. त्यात एक गास्केट, एक व्हॉल्व्ह, एक कपलर, एक स्क्रू ड्रायव्हर ठेवा. पैसे दूध किंवा अंड्यांच्या कमाईतून बाजूला काढा, आणि मुलगा असो की मुलगी, दोघांनाही तो डबा उघडायला शिकवा. आमच्याकडे तो तयार आहे. त्यातला स्क्रू ड्रायव्हर मात्र दोनदा विहिरीवर गेला. आता मी डब्यावर 'हळद' असं लिहून ठेवलं आहे. तेव्हापासून त्याला कुणी हात लावलेला नाही.