वाचनाचा पुरावा

नारायणगाव परिसरातल्या एका प्राथमिक शाळेत मी शिकवते आणि शाळेचं ग्रंथालयही सांभाळते. प्राथमिक शाळेला वेगळा ग्रंथपाल नसतो. ज्या शिक्षिकेला वाचायची आवड आहे असं बोललं जातं, तिच्या हातात कपाटाची किल्ली येते. शिक्षण परिषदेत वाचन उपक्रमांबद्दल बोलताना आपण सगळे यशच सांगतो. मीही सांगत आले. त्यात जे गाळलं ते इथे लिहिते आहे. किल्ली नव्याने हातात आलेल्या शिक्षकाला माझ्या यशापेक्षा माझ्या चुका जास्त उपयोगी पडतील.

चुका वरवर वेगवेगळ्या दिसतात, पण मूळ एकच. मुलं वाचतात याचा मला पुरावा हवा होता. तो रजिस्टरात हवा होता, फोटोत हवा होता, मुलांच्या वहीत हवा होता. आणि पुरावा गोळा करण्याच्या नादात मी वाचनाच्याच आड येत होते.

पहिली चूक कुलपाची. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकंही असावीत असं लिहिलं आहे. आमच्याकडे पुस्तकं होती. फक्त ती डेडस्टॉक रजिस्टरला चढवलेली होती, सतरंज्या, बादल्या आणि शाळेच्या घंटेच्या पंक्तीत. एखादं पुस्तक हरवलं की खुलासा द्या. फाटलं तर निर्लेखन करा, त्यासाठी ठराव घ्या, मंजुरी आणा. बदली झाली की पुढच्याला चार्ज देताना एकेक पुस्तक मोजून द्या. या सगळ्याची मी इतकी धास्ती घेतली की पुस्तकं कपाटात राहतील हेच बघू लागले. वाटप आठवड्यातून एकदा, तेही वरच्या वर्गांना. पहिली-दुसरीची मुलं पुस्तकं फाडतात म्हणून त्यांना नाहीच. वर्षाअखेरीला एकही पुस्तक गहाळ नसायचं आणि मी ते अभिमानाने सांगायचे.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम, पुस्तकं वापरासाठी आहेत, हा आहे. एकेकाळी युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीने बांधून ठेवत, हा दाखला त्यांनी तिथेच दिला आहे. माझ्याकडे साखळी नव्हती, कुलूप होतं, एवढाच फरक. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार, वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं वाजवी समजलं जातं. मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी नाहीत. पण पुस्तक वापरलं तर काही हरवणारच, हे सरकारलाही मान्य आहे. मान्य नव्हतं ते मला.

दुसरी चूक पुस्तकनिवडीची. अनुदान आलं की मी यादी मुलांकडे न बघता करायचे. थोरांची चरित्रं, बोधकथा, सामान्य ज्ञान. संचच्या संच घ्यायचे, कारण संच घेतला की पुस्तकांची संख्या भरते आणि अहवालात ती चांगली दिसते. त्यातली बरीच पुस्तकं बारीक टायपातली, चित्रं नसलेली, आठ वर्षांच्या मुलाला न झेपणारी. पहिलीच्या मुलासाठी पानाला एक ओळ आणि मोठं चित्र असलेलं पुस्तक आमच्याकडे जवळजवळ नव्हतंच. चित्रांच्या पुस्तकाला मी पुस्तकच मानत नव्हते. माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ हाती आलं, तेव्हा चित्र वाचणं हेही वाचणंच असतं हे मला पहिल्यांदा पटलं.

आमच्या मुलांचं जग या यादीत कुठेच नव्हतं. हा भाग टोमॅटोचा, उसाचा, द्राक्षाचा. माझ्या नोंदीत ‘शब्द वाचतो, वाक्य वाचत नाही’ अशा स्तरावर असलेला एक मुलगा घरी वडिलांना अडत्याची पट्टी वाचून दाखवायचा. वीस किलोच्या क्रेटला काय भाव पडला, हमाली किती कापली, हाती किती आले. मला हे कळलं ते त्याच्या आईकडून, तेही सहज बोलता बोलता. वर्गात त्याच्यापुढे मी ठेवत होते ती पुस्तकं वाचून त्याच्या हाती काही लागणार नव्हतं, आणि पट्टी वाचून घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडत होता. मुलगा वाचत नव्हता असं नाही. मी दिलेलं वाचत नव्हता.

बिबट्याचंही तसंच. जुन्नर तालुक्यातल्या मुलाला बिबट्या चित्रातून शिकवावा लागत नाही. उसाच्या फडात पिल्लं सापडतात, रात्री अंगणातलं कुत्रं नाहीसं होतं, माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून मी ‘आमचा बिबट्या’ असं मुलांच्याच शब्दांतलं पुस्तक करायला घेतलं. मुलं सांगत गेली, मी लिहीत गेले. लिहिताना मात्र ‘आलता’चं ‘आला होता’ केलं, ‘पळालता’चं ‘पळून गेला होता’ केलं, भीतीने घरच्यांच्या तोंडून निघालेले शब्द काढून टाकले आणि शेवटी वन्यप्राण्यांचं रक्षण करण्यावर दोन वाक्यं घातली. पुस्तक देखणं झालं. शिक्षण परिषदेत त्याचं कौतुकही झालं. मुलांनी मात्र एकदा चाळून ते खाली ठेवलं. त्यात त्यांचं काही उरलंच नव्हतं. पुढच्या वेळी मी फक्त लिहून घेतलं, सुधारलं काहीच नाही. त्या पुस्तकाचं मुखपृष्ठ हाताळून हाताळून निघून आलं.

तिसरी चूक स्पर्धेची. सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस, आणि वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचा सारांश वहीत लिहायचा. आकडे झपाट्याने वाढले. मी ते फलकावर रंगीत खडूने लिहिले. मग लक्षात आलं की मुलं सर्वांत पातळ पुस्तकं शोधताहेत. मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा वहीत उतरतो आहे आणि एकाच पुस्तकाचा सारांश चार वह्यांत शब्दाला शब्द सारखा आहे. जाड पुस्तकात रमलेली एक मुलगी यादीत तळाला होती. ती हिरमुसली आणि तिनेही पातळ पुस्तकं घ्यायला सुरुवात केली. स्पर्धा संपली, बक्षिसं वाटली गेली. त्यानंतरच्या आठवड्यात कपाटापाशी कुणी फिरकलं नाही.

याचं उत्तर मानसशास्त्रात माझ्या जन्माआधीच लिहून ठेवलेलं होतं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी संशोधकांनी 1973 साली बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या निम्म्यानेच चित्रांकडे वळली. जे आनंदाने चाललं होतं, ते बक्षिसाने काम होऊन बसलं. माझ्या फलकाने नेमकं हेच केलं होतं.

चौथी चूक फोटोची. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, आपल्या राज्यात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. कल्पना चांगलीच आहे. मी तिचं काय केलं ते सांगते. सगळी शाळा मैदानावर ओळीने बसवली आणि पुस्तकं मीच वाटली, मुखपृष्ठ कॅमेऱ्यात नीट दिसेल अशी. फोटो काढले, गटावर पाठवले आणि पुस्तकं गोळा केली. दुसरीतला एक मुलगा पुस्तक सोडेना. ‘बाई, अजून तो घरी पोचला नाही,’ म्हणाला. गोष्टीतल्या पोराबद्दल बोलत होता. मी पुस्तक काढून घेतलं, कारण पुढे परिपाठाचं भाषण होतं. त्या दिवशी सगळ्या शाळेत खरोखर वाचत होता तो एकटाच असावा.

पाचवी चूक मला सर्वांत जास्त बोचते. आमच्याकडे ऊसतोडीच्या हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून कुटुंबं येतात. कारखान्याचं गाळप सुरू झालं की मुलं शाळेत दाखल होतात आणि हंगाम संपला की निघून जातात. टोमॅटोच्या कामासाठी येणाऱ्या मजुरांच्या मुलांचंही तेच. या मुलांना मी पुस्तक घरी देत नसे. नियम कुठेच नव्हता, तो मीच केला होता. ती कधी निघून जातील सांगता येत नाही, मग पुस्तक परत कोण आणणार? ‘इथेच बसून वाच’ असं मी म्हणायचे, आणि इथे बसायला वेळ कधी द्यायचे नाही.

अशीच एक तोडणी कामगारांची मुलगी चौथीत होती. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीने स्वतःच्या नावावर पुस्तकं घ्यायला सुरुवात केली. दर वाटपाला घ्यायची, वेळेवर परत आणायची. पुस्तकाला खताच्या पिशवीच्या आतल्या प्लास्टिकचं कव्हर घातलेलं असे. मी कव्हराचं वर्गात कौतुक केलं, तेव्हा कुणीतरी पचकलं की वाचते ही नाही, ती वाचते. मी दोघींना उभं केलं. दुसऱ्याच्या नावावर पुस्तक नेणं कसं चुकीचं आहे, यावर वर्गापुढे बोलले. त्या मैत्रिणीने जे केलं ते खरं तर माझं काम होतं. कोपीत राहणारी एक मुलगी पुस्तकाला पाणी लागू नये म्हणून कव्हर घालत होती, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. हंगाम संपल्यावर ती गेली. जाताना तिच्या हातात पुस्तक द्यायचं मला सुचलंही नाही.

सहावी चूक आवाजाची. गोष्ट वाचून झाली रे झाली की मी विचारायचे, ‘यातून आपण काय शिकलो?’ मुलांनी उत्तरं पाठ केली होती. खरं बोलावं, आळस करू नये. कोणत्याही गोष्टीला यातलं एक लागू पडायचंच. शिवाय मी वाचायचे सपाट, सूचनापत्र वाचावं तशी. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. जत्रांच्या हंगामात इथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. इथली माणसं रात्रभर वग ऐकत आली आहेत, आणि मी त्यांच्या नातवंडांना पाच मिनिटं धरून ठेवू शकत नव्हते. कधीकाळी फडात सोंगाड्याचं काम केलेले एक आजोबा नातीला सोडायला यायचे. त्यांना मी वर्गात बोलावलं. त्यांनी बाळगोपाळांची एक साधी गोष्ट सांगितली. सगळी करामत थांबण्यात होती. ऐन जागी ते गप्प बसत आणि मुलं पुढे सरकत. गोष्ट संपल्यावर ते काहीही न विचारता उठून गेले. मुलांनी मला घेरलं, ही कुठल्या पुस्तकात आहे म्हणून.

हेच तत्त्व पालघर जिल्ह्यातल्या सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ ही संस्था ‘गोष्टरंग’ या उपक्रमात वापरते. तिथे तरुण कलाकार पुस्तकातल्या गोष्टी शाळाशाळांत सादर करतात, मग मुलं त्या पुस्तकांकडे वळतात. आधी ऐकणं, मग वाचणं. मी उलटं करत होते.

आता आमच्याकडे काय चालतं ते थोडक्यात. पुस्तकं वर्गात दोरीवर टांगलेली असतात, पहिलीपासून. रोज मधल्या सुट्टीनंतर मी पंधरा मिनिटं मोठ्याने वाचते आणि शेवटी काही विचारत नाही. देवघेवीची वही मुलंच लिहितात. अर्धवट सोडलेलं पुस्तक परत आणलं तर कारण विचारायचं नाही. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतं, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर 2015 पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं मोफत मिळतात. त्यातली काही छापून, शिवून आम्ही घरी नेण्यासाठी ठेवतो. स्थलांतरित मुलांना जाताना दोन पुस्तकं द्यायचीच. त्यांची किंमत लोकवर्गणीतून धरलेली असते.

याने सगळं साधलं असं नाही. काही मुलं अजूनही पुस्तकाला हात लावत नाहीत. काही पुस्तकं गेली ती गेलीच. आणि अहवालात लिहायला माझ्याकडे पूर्वीइतके आकडे नसतात, त्यामुळे वरून विचारणा होते तेव्हा मी थोडी अडखळते.

माझ्यासारख्या किल्ली सांभाळणाऱ्या शिक्षकांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. फाटक्या पुस्तकांच्या निर्लेखनाचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीपुढे दरवर्षी वेळेवर ठेवा, म्हणजे भीतीपोटी कपाट बंद राहणार नाही. गोष्ट वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नका. आणि जे मूल चार महिन्यांनी निघून जाणार आहे, त्याला पुस्तक सगळ्यांच्या आधी द्या. पुढच्या गावी त्याला ते मिळेलच याची खात्री नसते.